सात नंबरचा झेंडा

झेंडेबाई आठवडाभर बसडेपोत ब्रेक तपासायच्या आणि शर्यतीच्या रविवारी ट्रॅकच्या सातव्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन उभ्या राहायच्या. अकरा वर्षांत त्यांनी एकही शर्यत चुकवली नव्हती आणि एकही धड पाहिली नव्हती. झेंडेवाल्याने गाड्या बघायच्या नसतात, रस्ता बघायचा असतो.

काम साधं होतं. वळणात गाडी अडकली, तेल सांडलं, एखादा तुकडा पडला, की झेंडा हलवायचा. मागून येणाऱ्यांनी वेग कमी करायचा. किती कमी करायचा, हे पूर्वी ज्याचं त्याने ठरवायचं. चार वर्षांपूर्वी एका नवख्या चालकाने ते चुकीचं ठरवलं. बाईंनी झेंडा वेळेत दाखवला होता, दोन्ही हातांनी दाखवला होता. तो हळू झाल्यासारखं करून पुढे गेला आणि वळणात बंद पडलेल्या गाडीवर आदळला. जागच्या जागी गेला.

त्यानंतर नियम बदलला. आता कुठल्याही वळणाच्या चौकीवर पिवळा झेंडा हलला, की सगळ्या ट्रॅकवर दिवे लागायचे, सगळ्या गाड्यांनी ताशी ऐंशीवर यायचं आणि ज्याची जी जागा ती तशीच राहायची. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. नियम करताना समितीने बाईंचंही मत घेतलं होतं. "झेंड्याला दात हवेत," त्या म्हणाल्या होत्या.

दात आले. तेव्हापासून ट्रॅकवर कुणी मेलं नाही. प्रेक्षकांचे स्टँड मात्र विरळ होत गेले. रांगेत ऐंशीने जाणाऱ्या गाड्याच बघायच्या तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी भागतं, असं लोक म्हणू लागले. त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंचा धाकटा भाऊ त्याच ट्रॅकवर गाडी चालवायचा. नऊ वर्षांनी लहान. पोरपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून आई त्याला भिंगरी म्हणायची. पुढे तेच नाव त्याच्या हेल्मेटवर चढलं. भाऊ शर्यतीत आणि बहीण झेंड्यावर, हे काही जणांना खटकायचं. पण झेंड्याने कुणाला पुढे काढता येत नाही, फक्त अडवता येतं. त्यामुळे कुणी फार ताणून धरलं नाही.

मग हंगामाची शेवटची शर्यत आली.

तीन फेऱ्या उरल्या होत्या. पुढे होते मास्तर. चाळिशी ओलांडलेला माणूस, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे आणि गाडीही तशीच चालवायचे. एकही पायरी न गाळता. त्यांच्यामागे दीड गाडीच्या अंतरावर भिंगरी. जो पुढे राहील त्याचं वर्षाचं अजिंक्यपद. सातव्या वळणातून बाहेर पडतानाच ओलांडायला जागा मिळते, हे त्या दोघांना माहीत होतं तसं स्टँडमधल्या शेवटच्या माणसालाही माहीत होतं. कितीतरी दिवसांनी लोक उभे राहून शर्यत बघत होते.

बाई रस्ता बघत होत्या. एक मागे पडलेली गाडी धुराची पांढरी, दोऱ्याएवढी रेघ सोडत वळणातून गेली. ती गेल्यावर वळणाच्या पोटात, बाहेरच्या बाजूला, बाईंना चमक दिसली. हातभर लांब. भिंगरी ओलांडायला जाणार तो बरोबर तिथूनच जाणार होता. दोन्ही गाड्यांचा आवाज सहाव्या वळणावरून वर चढत आला.

हात वर गेला. बाई पुढे नेहमी असंच सांगायच्या: मी उचलला नाही, गेला.

दिवे लागले. इंजिनांचा सूर एकदम खाली आला आणि स्टँडमधून मोठ्या टायरमधली हवा सुटावी तसा आवाज निघाला. दोघे बाईंच्या समोरून एकामागे एक, वरातीसारखे गेले. झाडूवाला माणूस धावत वळणात गेला, गुडघ्यावर बसला, बोटं डांबराला लावून त्याने वास घेतला.

"काय आहे?" बाईंनी ओरडून विचारलं.

"ओलं असावं."

"असावं म्हणजे?"

"आता सुकलंय ना, बाई. ऊन बघा की."

हे सगळं होईतो शेवटची फेरी संपली. शर्यत रांगेतच संपली. मास्तर पहिले, भिंगरी दुसरा. स्टँडमधून पाण्याच्या बाटल्या चौकीच्या दिशेने यायला लागल्या. चौकीवर बाईंच्या जोडीला आग विझवणारे सिलिंडरकाका असायचे, त्रेसष्ट वर्षांचे. त्यांनी आपलं हेल्मेट काढून बाईंच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाले, "घाला. माझ्या टकलावर बाटली टिकत नाही, घसरते."

बाई हसल्या नाहीत.

त्या संध्याकाळी आईकडे जेवण होतं. जिंकला तर जिंकला म्हणून, हरला तर हरला म्हणून, असं आईचं दरवर्षीचं. भिंगरी आला तो बूट न काढताच दारात उभा राहिला.

"ताई, एकच विचारतो. खरं सांग."

"विचार."

"झेंडा दाखवलास तो रस्त्यावर काही होतं म्हणून, की मी होतो म्हणून?"

'रस्त्यावर होतं म्हणून' हे वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"चमक होती," त्या म्हणाल्या.

"मी ते विचारलं नाही."

"आधी जेवून घ्या दोघं," आई आतून म्हणाली. "अन्न गार होतंय. भांडण काय, गार झालं तरी चालतं."

पण भिंगरी तसाच मागे फिरला. आईने तिघांची ताटं वाढली होती. बाईंनी एक उचलून ठेवलं आणि उरलेल्यातलं एक कसंबसं संपवलं.

त्यानंतर बाईंचं कशात मन लागेना. डेपोत एखाद्या बसचे ब्रेक तपासून सही करायच्या आणि बस फाटकापर्यंत गेली की मागे धावत जाऊन ती थांबवायच्या, पुन्हा खाली वाकून बघायच्या. मेकॅनिक लोकांना विषय मिळाला. "बाई, नुसता झेंडा दाखवा, आम्ही ऐंशीवर येतो," कुणीतरी म्हणायचं. बसमधून घरी जाताना चालकाने वळण घेतलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. शेजारच्या बाईने एकदा विचारलंही, पायात गोळा येतो का म्हणून.

आणि मनात तेच ते. चमक होती. होती ना? पण त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर? हात त्याच घाईने गेला असता, की एक श्वासभर थांबला असता?

चौकशी झाली. ट्रॅकच्या कार्यालयात लांब टेबल, पलीकडे समिती. शर्यतीचे प्रमुख मधोमध. ते वाईट माणूस नव्हते. चार वर्षांपूर्वी मेलेल्या चालकाच्या घरी अजूनही जाऊन येणारे ते एकटेच होते.

"त्या वेळी तुमचा भाऊ कुठे होता, हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"दीड गाडी मागे. माहीत होतं."

"तो नसता तर झेंडा दाखवला असता?"

"सांगता येत नाही."

टेबलावरचं एक पेन लिहायचं थांबलं. असं उत्तर कुणी देत नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

"संशय आला की झेंडा दाखवायचा, असा नियम आहे," प्रमुख म्हणाले. "तेव्हा चूक नाही. पण बाई, चालकांचा अर्ज आलाय. चौकीने परस्पर झेंडा दाखवायचा नाही. वॉकीटॉकीवर सांगायचं, कंट्रोल रूमने कॅमेऱ्यात बघायचं आणि हो म्हटलं तरच झेंडा. मला तो मान्य करावा लागणार. लोक येईनासे झालेत. एक दिवस आपला ट्रॅक इतका सुरक्षित होईल, की त्यावर गवत उगवलेलं असेल."

त्यांनी अर्ज बाईंपुढे सरकवला. खाली चौदा सह्या होत्या. सगळ्यांत वरची सही बाईंना वाचावी लागली नाही. ती सही वहीच्या मागच्या पानावर तासन्‌तास गिरवताना त्यांनी त्याला लहानपणी पाहिलं होतं.

"चौकी सोडायची असेल तर सोडा," प्रमुख म्हणाले. "कुणी नाव ठेवणार नाही."

"नाही सोडत," बाई म्हणाल्या. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

हंगाम संपलेला होता. ट्रॅक रिकामा. एके दिवशी बाईंनी डेपोतून अर्धी रजा काढली, सिलिंडरकाकांना बोलावलं आणि तीन बाटल्या घेऊन दोघे सातव्या वळणावर गेले. एकीत पाणी, एकीत इंजिनाचं तेल, एकीत रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवट द्रावण. त्या दिवशीच्या वेळेला, साडेचारला, ऊन त्याच कोनात आलं तेव्हा बाई चौकीवर उभ्या राहिल्या आणि काका वळणाच्या पोटात.

"ओता," बाई म्हणाल्या.

"ओतलं."

"पाणी."

"तेल," काका ओरडले. फडक्याने रस्ता पुसून पुन्हा ओतलं. "आता?"

"तेल."

"पाणी."

असं नऊ वेळा झालं. चार वेळा बाईंचं बरोबर आलं. एवढं तर डोळे मिटूनही आलं असतं. चौकीवरून तिन्ही सारखंच चमकत होतं.

"काय चाललंय?" मागून आवाज आला. भिंगरी होता. ट्रॅकवरच्या गॅरेजमध्ये त्याची गाडी उघडून ठेवलेली होती. तो तिथून चालत आला होता. बहीण-भाऊ दोन महिन्यांनी समोरासमोर आले होते.

"परीक्षा चाललीय," काका म्हणाले. "बाई नापास होताहेत."

भिंगरीने बाटल्या पाहिल्या, ओला रस्ता पाहिला, वर चौकीकडे पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो वळणाच्या सुरुवातीला गेला आणि पाय पुढे पसरून डांबरावरच बसला, गाडीत बसतो तसा. पाठ मागे रेललेली, डोळे जमिनीपासून जेमतेम दोन हात उंच.

"काका, ओता बघू," तो म्हणाला.

काकांनी ओतलं. बाई चौकीवरून खाली उतरून त्याच्या जवळ आल्या.

"काय दिसतं?"

"काहीच नाही." त्याने मान इकडेतिकडे वळवून पाहिली. "पाणी नाही, तेल नाही, काकाही कमरेच्या वरचेच दिसतात. आतली कड दिसते. तिच्या पलीकडे काय आहे ते नाही दिसत."

"मग जातोस कसा?"

"त्यासाठीच तर जातो. सगळं दिसत असतं तर कशाला गेलो असतो, ताई? मग डेपोतली बस काय वाईट होती?"

"आणि पलीकडे काही असलं तर?"

"तर तू असतेस ना," तो म्हणाला.

आणि अर्जावर सगळ्यांत वर कुणाची सही आहे, हे दोघांनाही एकदमच आठवलं. काका फडकं पिळत बसले. भिंगरी उठला, पाठीमागची धूळ झटकली आणि आला तसा गॅरेजकडे गेला.

नवा हंगाम नव्या नियमाने सुरू झाला. पहिल्या दोन शर्यती झकास झाल्या. कुठे काही अडलं तर कंट्रोल रूम बघायची, बहुतेक वेळा नाही म्हणायची, आणि शर्यत चालू राहायची. लोक परत येऊ लागले. बाईंच्या एका हातात झेंडा असायचा, दुसऱ्यात वॉकीटॉकी; आणि मनात असं, की आपण आता फक्त निरोप्या आहोत. कधीकधी त्याचं बरंही वाटायचं. ठरवणारा दुसराच कुणी, आपण सुटलो.

तिसऱ्या शर्यतीत भिंगरीचा गिअरबॉक्स दुसऱ्याच फेरीत गेला. तो बाहेर पडला, हेल्मेट काखेत धरून कठड्याशी उभा राहिला. विसाव्या फेरीत एक नवा चालक सातव्या वळणात घसरला. गाडी दोनदा गरगरली, खडीत गेली, धुळीचा लोट उडवत परत रस्त्यावर आली आणि वळणाच्या पोटात आडवी बंद पडली.

"सात नंबर," बाई वॉकीटॉकीत म्हणाल्या. "गाडी आडवी. रस्त्यात. झेंडा हवा."

"सात नंबर, धूळ आहे. काही दिसत नाही. थांबा."

"मला दिसतंय."

"थांबा."

काठी त्यांच्या हातात होती. उचलायची एवढंच. सहाव्या वळणावर आवाज चढत होता. मागच्या वेळी हात आपोआप गेला होता. त्या हातावर आता त्यांचाच भरवसा उरला नव्हता. त्यांनी तो मुद्दाम, जोर लावून खाली धरला. एक. दोन. धूळ हलली. तीन.

"दिसली. झेंडा दाखवा, सात नंबर, दा..."

मास्तर वळणात शिरले होते.

आदळण्याचा आवाज विरायच्या आत काका सिलिंडर घेऊन पळत सुटले होते. बाई जीव खाऊन झेंडा हलवत राहिल्या, मागच्या गाड्यांसाठी. हलवता हलवता त्यांची नजर स्टँडकडे गेली. सगळे उभे होते. कुणी तोंडावर हात ठेवलेला, कुणी शेजाऱ्याचा दंड पकडलेला. कुणीही दुसरीकडे बघत नव्हतं.

नव्या चालकाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मास्तरांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले.

ती टक्कर टीव्हीवर आठवडाभर दाखवली. संथ करून, जवळून, वरून. डेपोतल्या मेकॅनिक लोकांनीही ती फोनवर पाहिली. बाई आल्या की ते फोन उलटा ठेवायचे. पुढच्या शर्यतीला स्टँड असे गच्च भरले, की लोकांना पायऱ्यांवर बसावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी जागा सातव्या वळणासमोर मागितली होती. बाई चौकीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीला ती गर्दी जाणवत होती, शेगडीकडे पाठ करून उभं राहिल्यासारखी.

मास्तरांना भेटायला जायचं त्यांनी तीनदा ठरवलं आणि तीनदा दवाखान्याच्या फाटकावरून परत आल्या. चौथ्यांदा आत गेल्या. मास्तर उताणे पडले होते, पाय वर टांगलेले.

"या बाई," ते म्हणाले. "छताच्या एका फरशीला दोनशे सोळा भोकं आहेत. अशा चाळीस फरश्या. पुढचा गुणाकार तुमच्यासाठी ठेवलाय."

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "मला गाडी दिसली होती, मास्तर. काठी हातात होती. मी परवानगी मागत बसले."

"नियमच तसा होता."

"हो."

"मग मला कशाला सांगता?"

"दुसऱ्या कुणाला सांगू?"

मास्तरांनी मान बाईंकडे वळवली. "मी पण एक सांगतो. गेल्या वर्षीचं ते पदक आहे ना, ते मी कपाटात पालथं ठेवलंय. भिंगरीने मला ओलांडलं असतं की नसतं, कोण जाणे. रस्ता अडवून मी दार लावून घेतलं होतं. पण तुमच्या भावाला लावलेलं दार दिसतच नाही, हा त्याचा गुण म्हणा की दोष."

"तेव्हा रस्ता ओला होता का?" बाईंनी विचारलं. इतके महिने हे विचारायचंच राहिलं होतं.

"मला तर काही जाणवलं नाही." मास्तरांनी टांगलेल्या पायांकडे पाहिलं. "पण मला परवा आख्खी गाडीसुद्धा दिसली नव्हती. तेव्हा माझी साक्ष काढू नका."

दुसरी चौकशी त्याच टेबलावर झाली. या वेळी चालकांचा प्रतिनिधी म्हणून भिंगरी एका टोकाला बसला होता. प्रमुखांनी कागद वाचला: चौकी क्रमांक सातने नियमाचं काटेकोर पालन केलं, चौकीची काहीही चूक नाही.

"तेवढं वाक्य काढा," बाई म्हणाल्या.

"बाई, ते तुमच्याच बाजूचं आहे."

"म्हणूनच काढा. मागच्या वर्षी मी झेंडा दाखवला, ते नियमात होतं. कदाचित शर्यतीचा जीव गेला. या वर्षी नाही दाखवला, तेही नियमात. माणसाचे पाय गेले. मला दोन्ही वेळा तुम्ही निर्दोष म्हणालात. मग मी तिथे उभी कशाला असते? खांब रोवा, तोही निर्दोषच राहील."

प्रमुखांनी कपाळ चोळलं. "आणि चौकीला अधिकार परत दिला तर? पुन्हा एखादी चमक दिसेल, पुन्हा शेवटच्या तीन फेऱ्या वरात निघेल. तुमचा भाऊ समोर बसलाय, त्यालाच विचारा."

"मला विचारताय तर सांगतो," भिंगरी म्हणाला. तो खुर्चीत एकसारखा हलत होता. "आमचा अर्ज आम्ही मागे घेतो. बारा जणांशी बोललोय, मास्तरांशीही. आपल्या वळणापुरता झेंडा चौकीचा. दिसलं की दाखवायचा, विचारायचं नाही. तेवढ्या वळणात आम्ही हळू होऊ आणि ओलांडणार नाही. हळू म्हणजे ऐंशी, मोजून. आमच्या मर्जीवर नको. सगळा ट्रॅक थांबवायचा की नाही, ते कंट्रोल रूमने सावकाश बघावं."

"आणि बहीण म्हणून त्या तुमच्यासाठी घाबरल्या तर?"

"घाबरू दे," भिंगरी म्हणाला. "मला भीती वाटत नाही, ही काही फार कौतुकाची गोष्ट नाही, साहेब. कुणीतरी घाबरायला हवंच."

बाहेर जिन्यात बाईंनी त्याला गाठलं. "तू त्या दिवशी विचारलं होतंस, त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही."

"राहू दे ना, ताई."

"मला राहू देता येत नाही."

"मग नको राहू देऊस," तो म्हणाला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन पायऱ्या उतरू लागला.

नियम तसा झाला. त्यावर कुणीच पुरतं खूश नव्हतं. काही लोक म्हणाले, पुन्हा मिळमिळीत होणार. काही म्हणाले, पुन्हा कुणीतरी मरणार. उरलेल्या शर्यतींत बाईंनी पाच वेळा झेंडा दाखवला. तीन वेळा कारण होतं. दोन वेळा नव्हतं, असं नंतर निघालं, आणि त्या दोन्ही वेळा स्टँडने त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत भिंगरी चौथा होता. अजिंक्यपद कधीच हातातून गेलं होतं; चौथा आला काय, तिसरा आला काय. तरी तो मागे लागला होता. तिसऱ्या गाडीने आतली बाजू धरून ठेवली होती. शेवटून दुसऱ्या फेरीत दोघे सातव्या वळणात शिरले तेव्हा भिंगरीने बाहेरून गाडी घातली, जिथून कुणी जात नाही तिथून. चारही चाकं सरकत होती. दोन्ही गाड्या अख्खं वळणभर अंगाला अंग लावून गेल्या, आणि बाहेर पडताना त्याचं नाक दोन बोटं पुढे होतं. मग हातभर. मग गाडीभर. स्टँड असे गरजले, की चौकीचा पत्रा थरथरला.

बाई भानावर आल्या तेव्हा त्या टाचा उंचावून, मान वळवून, लांब गेलेल्या गाडीकडे बघत होत्या. झटकन त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता, कोरडा होता.

"काका, मी रस्ता सोडला होता."

"पाहिलं मी," काका म्हणाले. "मी तुमच्याकडेच बघत होतो. तेही माझं काम नाही."

संध्याकाळी आईकडे जेवताना त्यांनी भिंगरीला सांगितलं. तो घास हातात धरून थांबला.

"किती वेळ?"

"दोन सेकंद. तीन असतील."

त्याचा चेहरा उतरला. तीन सेकंदांत काय होतं, ते त्या ताटावरच्या दोघांएवढं कुणाला माहीत नव्हतं. पण त्याला राहवलं नाही. खाली मान घालून त्याने विचारलं, "कसं दिसलं?"

बाईंना त्याला रागवायचं होतं. "इतक्या वर्षांत काय बघायचं राहिलं, ते कळलं," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. तांब्या भरलेलाच होता.

सोमवारी डेपोत जाण्याआधी त्यांनी ट्रॅकच्या कार्यालयात अर्ज दिला. चौकी क्रमांक सातवर यापुढे दोन झेंडेवाले असावेत. प्रमुखांनी तो उभ्याउभ्या वाचला. कारणाच्या ओळीत लिहिलं होतं: एकटं माणूस कधी ना कधी शर्यत बघतंच.

"हे असंच ठेवायचं?" त्यांनी विचारलं. "वरती समितीपुढे जाईल हे."

"ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि दुसरा माणूस देताना त्याला शर्यत आवडते की नाही ते विचारून घ्या. आवडत नसेल तर नको. त्याला काय शोधायचं तेच कळायचं नाही."

प्रमुखांनी सही केली. बाई घड्याळ बघत, अर्ध्या धावत बसथांब्याकडे गेल्या.